पूर्व विदर्भातील माजी मालगुजारी तलाव आणि ग्रामीण स्त्रियांची शाश्वत मत्स्यशेती : एक ऐतिहासिक अभ्यास

गोषवारा

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली हे जिल्हे आणि नागपूर जिल्ह्याचा पूर्व भाग हा महाराष्ट्रातील तलावांचा प्रदेश म्हणून ओळखला जातो. या तलावांच्या सिंचनाचा इतिहास बराच लिहिला गेला आहे. तलावातील मासळीचा व त्या मासळीवर संसार चालविणाऱ्या स्त्रियांचा इतिहास मात्र दुर्लक्षित राहिला. गोंडकाळ, मालगुजारी, जमीनदारी निर्मूलन, सहकार आणि बचतगट या पाच टप्प्यांतून तलावावरील हक्क कसे बदलत गेले व त्या बदलांत ढिवर स्त्रीचे स्थान कोठे राहिले, याचा आढावा प्रस्तुत निबंधात घेतला आहे. मत्स्यशेती स्त्रियांच्या उपजीविकेचे शाश्वत साधन व्हावयाची असेल, तर प्रशिक्षण व अनुदान यांच्याइतकाच तलावाच्या ठेक्यात आणि संस्थेच्या सभासद-नोंदवहीत स्त्रीचे नाव असणे महत्त्वाचे आहे, असे या आढाव्यातून दिसते.

बीजशब्द : माजी मालगुजारी तलाव, ढिवर समाज, मच्छीमार सहकारी संस्था, बचतगट, मत्स्यबीज, निस्तार हक्क.

प्रस्तावना

शाश्वत विकासाच्या चर्चेत मत्स्यशेतीचा उल्लेख अलीकडे वारंवार होतो. कमी भांडवलात, गावातल्या गावात आणि घरकाम सांभाळून करता येण्याजोगा व्यवसाय म्हणून ग्रामीण स्त्रियांसाठी तिची शिफारस केली जाते. ही शिफारस करताना एक गोष्ट गृहीत धरली जाते, ती म्हणजे पाण्याची उपलब्धता. परंतु गावात तलाव असणे आणि त्या तलावात बीज सोडण्याचा अधिकार असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. तलाव कोणाचा, त्यातील मासळी कोणाची आणि ती विकून आलेला पैसा कोणाच्या हाती जातो, हे प्रश्न इतिहासातून उद्भवले आहेत. त्यामुळे त्यांची उत्तरेही इतिहासाच्या आधारेच शोधावी लागतात.

पूर्व विदर्भ हे या दृष्टीने अभ्यासाचे योग्य क्षेत्र ठरते. वैनगंगेच्या खोऱ्यातील या धानपट्ट्यात सुमारे साडेसहा ते सात हजार माजी मालगुजारी तलाव असल्याचे सांगितले जाते. बोलीभाषेत त्यांना ‘मामा तलाव’ म्हणतात. यांखेरीज शेताशेतांतून असलेल्या लहान बोड्या वेगळ्याच. धान, तलाव आणि मासळी ही या प्रदेशाच्या ग्रामजीवनाची त्रिसूत्री होय.

तलावांची निर्मिती : गोंड राजवट व कोहळी समाज

या प्रदेशातील जुने तलाव मुख्यतः गोंड राजवटीच्या काळात बांधले गेले. चांद्याच्या गोंड राज्यात हीरशहाच्या नावाशी एक धोरण जोडले जाते. जो जंगल तोडून जमीन लागवडीखाली आणील वा तलाव बांधील, त्याला त्या जमिनीचा हक्क मिळे. अशा सवलतीच्या जमीनधारणेस ‘तुकूम’ म्हणत. हा शब्द आजही या भागातील ग्रामनामांत टिकून आहे. तलावबांधणीचे कौशल्य कोहळी समाजाकडे होते. जमिनीचा उतार ओळखणे, मातीची पाळ घालणे, सांडव्याची जागा निश्चित करणे, वरच्या तलावाचे जादा पाणी खालच्या तलावात घेणे, ही विद्या त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जोपासली. नवेगावबांधचा विस्तीर्ण जलाशय कोलू पाटील या कोहळी पुरुषाने बांधल्याची परंपरा प्रसिद्ध आहे.

कोहळ्यांनी तलाव बांधले ते ऊस व धान यांच्यासाठी. तलावातील जलसृष्टी मात्र ढिवर समाजाच्या वाट्याला आली. रसेल व हिरालाल यांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मध्य प्रांतातील जाति-जमातींविषयीच्या ग्रंथात कोहळी व ढीमर या दोहोंची माहिती आढळते. मासेमारी, पालखी वाहणे, घरोघरी पाणी भरणे, धान्य भाजणे व शिंगाड्याचे पीक घेणे ही ढीमरांची कामे त्यात नोंदविली आहेत. या यादीतील पाणी भरणे, धान्य भाजणे यांसारखी कामे स्त्रियांच्या श्रमावाचून होण्यासारखी नव्हती. परंतु व्यवसायाची नोंद जातीच्या नावे झाली आणि जातीचा प्रतिनिधी पुरुष मानला गेला. स्त्रीचे श्रम नोंदीबाहेर राहण्याची सुरुवात येथे दिसते.

मालगुजारी काळ : मालकी व वहिवाट

भोसल्यांच्या राजवटीत गावाचा महसूल वसूल करणारा तो मालगुजार होता. १८६१ मध्ये मध्य प्रांताची स्थापना झाल्यानंतर ब्रिटिशांनी केलेल्या जमीन-महसूल व्यवस्थेत याच मालगुजारांना गावाचे मालकी हक्क देण्यात आले. परिणामी गावातील पडीक जमीन, झुडपी जंगल व तलाव यांवर मालगुजाराचे स्वामित्व प्रस्थापित झाले. तलावाची दुरुस्ती करणे, पाळ भरणे व पाणीवाटप करणे ही त्याची जबाबदारी होती. दुरुस्तीसाठी गावकऱ्यांचे श्रम घेतले जात आणि त्याच्या बदल्यात गावकऱ्यांना पाणी, सरपण, चराई यांचे निस्तार हक्क मिळत.

ढिवरांचे मासेमारीचे हक्क या व्यवस्थेत वहिवाटीवर अवलंबून होते. मालगुजाराची मर्जी, मासळीतील हिस्सा व घरची सेवा यांच्या मोबदल्यात तलावात जाळे टाकण्याची मुभा मिळे. ही व्यवस्था समतेची होती असे म्हणता येणार नाही. जातीची उतरंड व वेठीची छाया तिच्यावर होती. तथापि तिच्यात एक लवचिकता होती. उथळ पाण्यातून झिंगे व बारीक मासळी धरणे, काठावरील कंद व भाजी गोळा करणे, शिंगाडे काढणे या गोष्टींना कोणी ठेका मागत नसे. घरातील कालवण आणि आठवडी बाजारातील चार पैसे यांतूनच निघत, आणि हे काम प्राधान्याने स्त्रियांचे होते.

विसाव्या शतकाच्या आरंभी १९०१-०३ च्या सिंचन आयोगाने मध्य प्रांतातील तलावांकडे लक्ष वेधले. त्यानंतर आसोलामेंढा, घोडाझरी यांसारखे मोठे सरकारी तलाव उभे राहिले. मात्र या काळातील सरकारी दृष्टी प्रामुख्याने सिंचन व दुष्काळनिवारण यांवर केंद्रित होती.

जमीनदारी निर्मूलन : हक्कांचे हस्तांतर

१९५० च्या मध्य प्रदेश मालकी हक्क निर्मूलन कायद्याची अंमलबजावणी ३१ मार्च १९५१ पासून झाली. मालगुजारी संपुष्टात आली आणि गावाच्या सामाईक जमिनीतील तलाव शासनाकडे निहित झाले. मालगुजारांच्या जाचातून शेतकऱ्यांची सुटका झाली, हे या कायद्याचे ऐतिहासिक श्रेय आहे. तलावांच्या बाबतीत मात्र एक पोकळी निर्माण झाली. दुरुस्ती करवून घेणारा मालक गेला. दुरुस्तीसाठी जमणारे गावही हळूहळू विखुरले. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात समाविष्ट झाला आणि १९६२ मध्ये जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्यावर बहुसंख्य लहान तलाव त्यांच्या देखरेखीखाली गेले. गाळ साचत गेला, पाळी खचल्या, काठावर बेशरम माजली.

हक्कांच्या दृष्टीने या काळातील एक तपशील महत्त्वाचा आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये विदर्भाच्या निस्तार परंपरेला अनुसरून निस्तारपत्रक व वाजिब-उल-अर्ज यांची तरतूद आहे. वाजिब-उल-अर्ज या दस्तऐवजात गावातील सिंचनाच्या व मासेमारीच्या रूढी नोंदवावयाच्या असतात. परंतु ही नोंद शासनाच्या वा स्थानिक प्राधिकरणाच्या मालकीच्या नसलेल्या पाण्यापुरती आहे. तलाव शासनाचे झाल्यानंतर त्यांतील मासेमारी रूढीच्या कक्षेतून बाहेर पडली आणि ठेक्याच्या कक्षेत आली. रूढीमध्ये स्त्रीला नाव नव्हते, पण जागा होती. ठेक्याच्या कागदावर जिचे नाव नाही तिला ती जागाही उरली नाही.

सहकाराचा टप्पा : संस्था झाली, सभासदत्व कोणाचे?

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० नुसार पूर्व विदर्भात मच्छीमार सहकारी संस्था स्थापन झाल्या. तलाव ठेक्याने देताना या संस्थांना प्राधान्य देण्याचे धोरण शासनाने स्वीकारले. खासगी ठेकेदारांच्या तुलनेत ढिवर समाजाला मिळालेले हे संरक्षण मोलाचे होते. संस्थेमुळे समाजाला सामूहिक हक्क मिळाला, कर्जाची दारे काही प्रमाणात उघडली आणि पंचक्रोशीत प्रतिष्ठा लाभली.

संस्थेचे सभासदत्व मात्र साधारणपणे ‘मासेमारी करणाऱ्या’ व्यक्तीस दिले गेले आणि मासेमारी म्हणजे खोल पाण्यात जाळे टाकणे असा अर्थ घेतला गेला. जाळे विणणे व सांधणे, मासळी निवडणे, ती डोक्यावर घेऊन गावोगाव विकणे, उरलेली सुकविणे ही कामे मासेमारीच्या व्याख्येत बसली नाहीत. वास्तविक तलावातून निघालेल्या मासळीचे पैशात रूपांतर होते ते विक्रीच्या टप्प्यावर, आणि तो टप्पा बहुधा स्त्रियाच सांभाळतात. तरीही संस्थेच्या वार्षिक सभेत हिशेब मांडला जातो तेव्हा त्या सभागृहाबाहेर राहतात. पती वारल्यानंतर सभासदत्व मुलाकडे जावे की पत्नीकडे, हा प्रश्न घरातल्या घरात मिटविला जातो आणि तो बहुधा मुलाच्या बाजूने मिटतो.

९७ व्या घटनादुरुस्तीनंतर २०१३ मध्ये महाराष्ट्राच्या सहकार कायद्यात बदल झाले. संचालक मंडळात स्त्रियांसाठी दोन जागा राखीव ठेवण्याची तरतूद झाली. ही तरतूद स्वागतार्ह असली तरी तिची एक मर्यादा आहे. संचालक होण्यासाठी प्रथम सभासद असावे लागते. नोंदवहीत स्त्रिया नसतील तर राखीव जागा रिकामी राहते किंवा एखाद्या सभासदाच्या घरातील नाव तेथे केवळ लिहिले जाते.

मत्स्यशास्त्राची प्रगती आणि तिचा दुहेरी परिणाम

याच काळात मत्स्यशास्त्रात क्रांती घडत होती. १० जुलै १९५७ रोजी हिरालाल चौधरी व के. एच. अलिकुन्ही यांनी पीयूषग्रंथीचा अर्क टोचून प्रमुख कार्प जातींचे प्रेरित प्रजनन यशस्वी केले. त्यापूर्वी कार्पचे बीज नद्यांतून गोळा करून दूरवर पाठवावे लागे. १९५९ मध्ये चंदेरा व गवत्या या परदेशी जाती भारतात आणल्या गेल्या. १९७१ पासून संमिश्र मत्स्यसंवर्धनाचा अखिल भारतीय समन्वित प्रकल्प सुरू झाला. कटला वरच्या थरात, रोहू मधल्या थरात व मृगळ तळाशी अन्न घेतो. त्यांच्या जोडीला चंदेरा, गवत्या व सायप्रिनस सोडल्यास पाण्याचे सर्व थर वापरले जातात, हे त्यामागील तत्त्व. १९७३-७४ पासून मत्स्यशेतकरी विकास यंत्रणांच्या द्वारे हे तंत्र जिल्ह्याजिल्ह्यांत पोहोचविण्यात आले.

या तंत्राने उत्पादन वाढले यात शंका नाही. परंतु पूर्व विदर्भातील तलावांवर त्याचा दुहेरी परिणाम झाला. संस्थांचे सारे लक्ष वजनदार कार्प मासळीवर गेले. ही मासळी मोठ्या जाळ्याने एकदम काढली जाते व व्यापारी ती तलावाच्या पाळीवरूनच उचलतो. मरळ, मागूर, शिंगी, वाम व झिंगे या स्थानिक मासळीस पाणवनस्पती, चिखल आणि उथळ काठ लागतो. बीज सोडण्यापूर्वी तलाव ‘साफ’ करण्याच्या भरात तोच अधिवास नष्ट होऊ लागला. त्यात गाळ, बेशरम आणि शेतातून वाहून येणारी रासायनिक द्रव्ये यांची भर पडली. स्थानिक मासळी घटली याचा अर्थ स्त्रियांच्या टोपलीतील मासळी घटली, कारण रोज थोडी मिळणारी व रोज विकली जाणारी मासळी तीच होती.

पोषणाच्या दृष्टीनेही ही हानी गंभीर आहे. बारीक मासळी डोक्यासह व काट्यासह खाल्ली जाते, त्यामुळे कॅल्शियम व सूक्ष्म पोषकद्रव्ये थेट मिळतात. बांगलादेशात ‘मोला’ या जीवनसत्त्व ‘अ’ने समृद्ध असलेल्या लहान माशाचे कार्पसोबत संवर्धन करण्याचे प्रयोग झाले आहेत. कार्प बाजारासाठी आणि मोला घरासाठी, अशी विभागणी तेथील घराजवळच्या तळ्यांत शक्य झाली व त्यात स्त्रियांचा सहभाग लक्षणीय राहिला. बोड्यांच्या प्रदेशाला हा अनुभव बोधप्रद ठरावा.

बचतगटांचा टप्पा व तलावांचे पुनरुज्जीवन

महिला आर्थिक विकास महामंडळाची स्थापना १९७५ मध्ये झाली. नाबार्डने १९९२ मध्ये बचतगट-बँक जोडणी कार्यक्रम हाती घेतला, १९९९ मध्ये स्वर्णजयंती ग्राम स्वरोजगार योजना आली आणि २०११ नंतर राष्ट्रीय ग्रामीण जीवनोन्नती अभियानाने गटांचे जाळे विस्तारले. ढिवर वस्त्यांतील स्त्रियांनाही यामुळे प्रथमच स्वतःच्या नावे बँक खाते, बचत व अंतर्गत कर्ज या गोष्टी लाभल्या. जाळे, वजनकाटा, बर्फाची पेटी यांसाठी सावकाराकडे जाण्याची गरज काही अंशी कमी झाली.

याच सुमारास गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव तालुक्यात तलावांच्या पर्यावरणीय पुनरुज्जीवनाचे काम सुरू झाले. मनीष राजनकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी ढिवरांच्या पारंपरिक ज्ञानाच्या आधारे बेशरम काढणे, स्थानिक पाणवनस्पतींची पुनर्लागवड करणे आणि स्थानिक मासळी तलावात परत आणणे, अशी पद्धत अवलंबिली. या कामात स्त्रियांचे गट सहभागी झाले. कोणती वनस्पती कोणत्या मासळीला अंडी घालण्यास लागते, देवधान कोठे वाढते, काठ कोठे उथळ ठेवावा हे ज्ञान कोणत्याही पुस्तकात नव्हते. ते मासळीच्या मागे आयुष्य घालविलेल्या माणसांजवळ होते. हे काम करताना स्त्रिया ग्रामसभेत बोलू लागल्या, ही त्यातील सामाजिक दृष्ट्या सर्वांत महत्त्वाची घटना मानावी लागेल.

या अनुभवाची तुलना २०१७ च्या गाळमुक्त धरण व गाळयुक्त शिवार योजनेशी करणे उद्‌बोधक ठरते. गाळ काढल्याने साठवण वाढते व शेतास सुपीक माती मिळते. परंतु यंत्राने सरसकट खोदकाम केल्यास काठाचा उथळ पट्टा व वनस्पतींची मुळे नाहीशी होतात. शेतकऱ्याच्या दृष्टीने सुधारलेला तलाव मासळीच्या दृष्टीने ओसाड असू शकतो.

कायदा, योजना आणि शिल्लक प्रश्न

पेसा कायदा, १९९६ ने अनुसूचित क्षेत्रातील लहान जलसाठ्यांचे नियोजन व व्यवस्थापन पंचायतींकडे सोपविले. वनहक्क कायदा, २००६ ने वनक्षेत्रातील जलसाठ्यांमधील मासळी व अन्य उत्पादनांवर सामूहिक हक्क मान्य केला. गडचिरोलीच्या वनव्याप्त भागात या तरतुदी अर्थपूर्ण आहेत. तथापि महाराष्ट्रात ढिवर समाज भटक्या जमाती प्रवर्गात मोडतो, अनुसूचित जमातीत नाही. वनहक्कासाठी त्यांना इतर पारंपरिक वननिवासी म्हणून १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचे, म्हणजे ७५ वर्षांचे वास्तव्य सिद्ध करावे लागते. ज्यांची वहिवाट कधी कागदावर आलीच नाही, त्यांना पुरावा आणणे किती कठीण आहे हे सांगणे नलगे.

१० सप्टेंबर २०२० रोजी प्रारंभ झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत सर्वसाधारण प्रवर्गास प्रकल्पखर्चाच्या ४० टक्के, तर स्त्रिया व अनुसूचित जाति-जमातींना ६० टक्के साहाय्य ठरविण्यात आले. पण लाभार्थ्याकडे जमीन वा जलक्षेत्राचा हक्क वा ठेका असल्यावाचून तळ्याशी निगडित घटकांचा लाभ मिळणे अवघड असते. अनुदानाची टक्केवारी स्त्रीसाठी वाढली. ज्या कागदाच्या आधारे अर्ज करावयाचा तो कागद मात्र बहुधा पतीच्या वा संस्थेच्या नावे राहिला.

या पार्श्वभूमीवर मत्स्यबीज संगोपन हा मार्ग विशेष विचारात घेण्याजोगा आहे. मत्स्यजिऱ्यापासून बोटुकलीपर्यंतची वाढ साधारण दोन ते तीन महिन्यांत होते. पाच-सहा महिने पाणी टिकणारी बोडी या कामास पुरते. बोटुकली आकाराचे बीज स्थानिक पातळीवर मिळाल्यास संस्थांचाही वाहतूक-खर्च व मरतूक कमी होते. यात एक व्यावहारिक अडचण आहे. बीज सोडण्याचा व संगोपनाचा काळ जुलै-ऑगस्ट हाच धानाच्या रोवणीचा काळ होय. रोवणीची मजुरी ही स्त्रियांची वर्षातील सर्वांत खात्रीची रोख कमाई असते. ती सोडून दोन महिन्यांनी येणाऱ्या उत्पन्नाची वाट पाहणे गरीब कुटुंबास परवडत नाही. म्हणून गटाने आळीपाळीने काम करणे व त्या काळापुरते अल्प कर्ज उपलब्ध करून देणे, अशी योजना आखल्याशिवाय केवळ प्रशिक्षण शिबिरांतून फारसे काही साधणार नाही.

निष्कर्ष

१. पूर्व विदर्भातील तलावांवर प्रत्येक राजवटीत नवा मालक आला. परंतु मासळीवर जगणाऱ्या स्त्रीचे नाव कोणत्याही टप्प्यावर हक्कदार म्हणून नोंदविले गेले नाही.

२. जमीनदारी निर्मूलनाने वहिवाटीची जागा ठेक्याने घेतली. या बदलात स्त्रियांचे अनौपचारिक हक्क सर्वप्रथम लोप पावले.

३. मच्छीमार सहकारी संस्थांनी ढिवर समाजास संरक्षण दिले. मात्र ‘मच्छीमार’ या शब्दाच्या संकुचित व्याख्येमुळे विक्री, सुकवण व जाळे-दुरुस्ती करणाऱ्या स्त्रिया सभासदत्वापासून दूर राहिल्या. ही व्याख्या व्यापक करणे, पती-पत्नी दोघांना सभासदत्व देणे आणि विधवा स्त्रीचा वारसा-हक्क उपविधीत स्पष्ट करणे आवश्यक आहे.

४. कार्प संवर्धन व स्थानिक मासळीचे रक्षण हे परस्परविरोधी नाहीत. तलावाच्या मध्यभागी कार्प आणि राखलेल्या उथळ काठावर स्थानिक मासळी अशी मांडणी केल्यास संस्थेचे उत्पन्न व घरातील अन्न दोन्ही साधता येतात.

५. बोड्यांमधील मत्स्यबीज संगोपनासाठी बचतगटांना किमान तीन ते पाच वर्षांचा लेखी ठेका मिळाल्यास अनुदान-योजनांचा लाभ प्रत्यक्षात त्यांच्यापर्यंत पोहोचू शकेल.

कोहळ्यांनी पाळ बांधली म्हणून पाणी अडले आणि ढिवरांनी तलाव राखला म्हणून त्यात मासळी राहिली. या दोन्ही कामांत स्त्रियांचे हात होते. मामा तलावांच्या दुरुस्तीवर आज शासन व समाज पुन्हा खर्च करीत आहेत. त्या खर्चाचा हिशेब घनमीटर पाण्यात मांडला जाईलच; पण दुरुस्त झालेल्या तलावाच्या संस्थेत किती स्त्रिया सभासद झाल्या, हा रकानाही त्या हिशेबात असावयास हवा.